घरच्या संगणकाचा सातबारा कोणाच्या नावावर?

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या घरी नवा संगणक आला. जुना काही बिघडला नव्हता. पण विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, नाव नोंदवणाऱ्यांना तेवढी एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, आणि आमचा जुना संगणक विंडोज ११ घेण्याच्या लायकीचा नाही असा निकाल लागला. भिवंडीत आमच्या ओळखीच्या कितीतरी कापडवाल्यांनी त्या दोन महिन्यांत असेच नवे संगणक घेतले. दुकानदाराने चालू वर्षाचा हिशेब नव्यावर चढवून दिला, जुन्याची डिस्क काढून कागदात गुंडाळून हातात ठेवली आणि म्हणाला, यात तुमचे सगळे आहे, जपून ठेवा. आम्ही ती कपाटात ठेवली. आमच्या वडिलांनी जुन्या चोपड्या लाल फडक्यात बांधून अशाच ठेवल्या होत्या.

जानेवारी २०२६ मध्ये ती डिस्क काढावी लागली. बाहेरगावच्या एका पार्टीकडे आमचे ग्रे कापडाचे दोन लाख सदतीस हजार रुपये अडकले होते. माल जानेवारी २०२३ चा. आता पार्टी म्हणू लागली की तीन वर्षे उलटली, बात संपली. व्यापारी बंधूंना ठाऊकच आहे की विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षांची असते. परंतु त्याच कायद्यात हेही आहे की मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी सही करून देणे कबूल केले, तर त्या सहीच्या तारखेपासून मुदत पुन्हा मोजली जाते. अशी सही आमच्याकडे होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याने शिल्लक बरोबर असल्याचे लिहून दिले होते. मूळ कागद त्याच वर्षी गोदामात पाणी शिरले तेव्हा लगदा झाला, पण त्याची स्कॅन केलेली प्रत संगणकात होती. त्या डिस्कवर.

शंभर दीडशे रुपयांना नव्हे, चांगली साडेचारशेला डिस्क बसवायची यूएसबीची डबी आणली, वायर जोडली. पडद्यावर डिस्क आली, फोल्डरांची नावे आली. "उधारी व वसुली" या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली, तर समोर चौकट उभी राहिली की या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी सध्या तुम्हाला नाही. आमचे फोल्डर, आमची डिस्क, आमच्या हाताने स्कॅन केलेला कागद, आणि परवानगी नाही!

चौकटीत खाली एक बटण होते, "कंटिन्यू". ते दाबले तर ॲडमिनचा पासवर्ड मागितला. तो आम्हाला ठाऊक नव्हता. दुकानदाराच्या पोराला फोन केला, त्याने हसत हसत सांगितला. पासवर्डमध्ये त्याच्या दुकानाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन होते. या गोष्टीकडे आम्ही पुढे येणार आहोत, कारण आमच्या मते खरी चिंतेची बाब तीच आहे. पासवर्ड टाकला, हिरवी पट्टी थोडी सरकली आणि पुन्हा नकार आला.

मग आमच्यासारखे लोक करतात तेच आम्ही केले. दुरुस्तीवाल्याला बोलावले. पहिला म्हणाला, डिस्क करप्ट झाली आहे, फॉरमॅट केली की उघडेल. डिस्क उघडेल हे खरे, पण आत काय उरणार हे त्याने सांगितले नाही, आम्हीच विचारले तेव्हा तो म्हणाला की डेटा तर जाणारच. दुसऱ्याने डिस्क हातात तोलून पाहिली, जणू सुताचे बंडल आहे, आणि नऊ हजार व आठ दिवस मागितले. पैसे द्यायला आमची ना नव्हती. डिस्क मात्र त्याच्या टेबलावर आठ दिवस पडून राहणार, आणि तिच्यावर आमच्या सगळ्या पार्ट्यांचे भाव, बँकेची पाने, घरातल्या माणसांची कागदपत्रे होती. तिथे आमचे मन मागे सरले.

शेवटी पुण्याला शिकणाऱ्या भाचीला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मामू, डिस्क खराब आहे असं म्हणते का, की परवानगी नाही म्हणते?" आम्ही म्हटले, परवानगी नाही म्हणते. ती म्हणाली, "मग ती चांगली आहे. कुलूप लागलंय आणि चावी जुन्या घरी राहिलीय, इतकंच."

आता हे कुलूप काय आहे ते आम्ही आमच्या अकलेप्रमाणे सांगतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, इंग्रजी चाळिशीनंतर गरजेपुरती केली. पण भाचीने फोनवर एकेक इंग्रजी शब्द फोडून सांगितला तेव्हा आमच्या ध्यानात आले की हा सगळा मामला आपल्या तलाठ्याच्या दप्तरातला आहे. मालक, कब्जा, हक्क, वारस, मनाई, परवानगी. हे शब्द आमच्या शाळेतही होते आणि मराठी शाळेतही होते. संगणकवाल्यांनी त्यांना इंग्रजी कपडे घातले आहेत.

विंडोजच्या डिस्कवर प्रत्येक फाइलीचा आणि फोल्डरचा एक सातबारा असतो. त्यावर मालकाचे नाव असते आणि खाली इतर हक्कांत कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे याची यादी असते. पण नाव लिहिलेले दिसत असले तरी आत नाव नसतेच, एक लांबलचक क्रमांक असतो. "एस-१-५-२१" असे सुरू होऊन पुढे आकड्यांची रांग. हा क्रमांक संगणकावर आपले खाते उघडताना बनतो. नव्या संगणकावर त्याच नावाचे खाते उघडले तरी क्रमांक नवा पडतो. भिवंडीत एकाच नावाची पाच माणसे सापडतील, म्हणून एकाची जमीन दुसऱ्याची होत नाही. आमच्या जुन्या फोल्डरच्या सातबाऱ्यावर जुन्या संगणकावरचे "आम्ही" होतो. नव्या संगणकावरचे "आम्ही" त्याच्या दृष्टीने परके. जुना संगणक गेला म्हणजे तो खातेदार मयत झाला म्हणा, आणि फेरफार कोणी केला नाही. यादी उघडून पाहिली तर तिथे "अज्ञात खाते" आणि तो लांब क्रमांक दिसतो, तो आपलाच गेलेला अवतार असतो.

साधारणपणे "कंटिन्यू" दाबल्यावर काम होते, कारण ॲडमिन गटाचा हक्क बहुतेक फोल्डरांवर आधीपासून असतो. आमचे झाले नाही याला कारण आम्हीच. २०१९ मध्ये घरातली मुले संगणकावर खेळत, म्हणून एका ओळखीच्याकडून आम्ही हे फोल्डर असे करून घेतले होते की आमच्याशिवाय कोणालाही उघडू नये. त्याने यादीतून बाकी सगळी नावे काढून टाकली. त्याने काम चोख केले होते. सात वर्षांनी आम्हीच आमच्या कुलपाबाहेर उभे होतो.

आता उपाय. ज्यांना गरज आहे त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा. फोल्डरवर उजवी टिचकी मारून "प्रॉपर्टीज", त्यात "सिक्युरिटी", त्यात "ॲडव्हान्स्ड". वर "ओनर" म्हणजे मालक लिहिलेला असतो, आमच्या ठिकाणी तर मालक दाखवता येत नाही असे लिहिले होते. त्याच्या बाजूला "चेंज". तिथे आपल्या नव्या खात्याचे नाव टाकायचे, "चेक नेम्स" दाबायचे, नाव बरोबर असेल तर त्याखाली रेघ येते. मग मागे येऊन मालकाच्या खालच्या चौकोनात खूण करायची. तिचा अर्थ आतली सगळी फोल्डरे व फाइली यांचाही मालक बदला असा आहे. ही खूण लोक विसरतात आणि मग दार उघडते पण आतल्या खोल्या बंदच राहतात. "अप्लाय" केले की फेरफार झाला.

पण फेरफार झाला म्हणजे कब्जा मिळाला असे नाही. मालकाला वाचण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, त्याला यादी बदलण्याचा हक्क मिळतो. म्हणून सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा तिथेच जायचे, "ॲड" दाबायचे, आपले नाव यादीत घालायचे आणि हक्क द्यायचा. खाली आणखी एक खूण असते. वरच्या फोल्डरचे हक्क खालच्यांना वारशाने मिळावेत, हा तिचा अर्थ. ती केली की आकडे पळू लागतात. आमच्या फोल्डरमध्ये अकरा हजारांवर फाइली होत्या. वीस मिनिटे लागली. या वेळात वायर हलवू नये आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर पाहून बसावे. अर्धे काम झाले तर काही फाइली नव्या नावावर, काही जुन्यावर राहतात आणि घोळ वाढतो.

हेच काम काळ्या खिडकीत दोन हुकमांनी होते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा. पहिल्या हुकमाची अक्षरे भाचीने फोनवर सांगितली ती अशी : टी-ए-के-ई-ओ-डब्ल्यू-एन. हा मालकी घेतो. दुसरा आय-सी-ए-सी-एल-एस, हा हक्क देतो. भाची म्हणते की तिच्या पिढीला हेच सोपे वाटते. आम्हाला उंदीर बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक वाट सांगितली आणि आधी न सांगितल्याबद्दल आम्ही तिच्यावर रागावलोही. रोबोकॉपी नावाचा एक हुकूम विंडोजमध्येच असतो. ॲडमिन म्हणून चालवला आणि पुढे स्लॅश-बी लावला, तर तो बॅकअप घेणाऱ्याच्या अधिकाराने फाइली उचलतो, सातबारा विचारत बसत नाही. नव्या जागी उतरलेली प्रत नव्या फोल्डरचे हक्क घेते. जुनी डिस्क जशीच्या तशी राहते, तिच्या एकाही नोंदीला हात लागत नाही. आज आम्हाला कोणी विचारले तर आम्ही हीच वाट आधी सांगू. जुन्या दप्तरात खाडाखोड करण्यापेक्षा नक्कल घेणे केव्हाही चांगले, आणि जीएसटीच्या कायद्याने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, तेव्हा जुनी डिस्क अस्पर्श असलेली बरी.

इथपर्यंत वाचून एखादा बंधू म्हणेल की एवढी भानगड हवीच कशाला, संगणक घरचा आहे, सगळ्यांना सगळे उघडे ठेवा. पूर्वी तसेच होते. विंडोज ९५ आणि ९८ च्या डिस्कवर मालक नावाची गोष्टच नव्हती. कुलपाची ही पद्धत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली, ती कचेऱ्यांसाठी होती, आणि २००१ च्या एक्सपीपासून तोच पाया घराघरांत आला. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीसारख्या ठिकाणी एकच मोठा संगणक अनेकजण वाटून वापरू लागले तेव्हा एकाच्या फाइली दुसऱ्यापासून राखण्याची गरज पडली. म्हणजे ही व्यवस्था एका यंत्रावर अनेक माणसे बसतात यासाठी आहे. आमच्या घरच्या संगणकावर आम्ही, धाकटा भाऊ, मुनीम आणि मुले मिळून सहा माणसे बसत. आमचे घर आणि ती कचेरी यांत फरक तो काय?

आणि ही व्यवस्था न समजल्याची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. ती पैशांत नव्हती. ही गोष्ट आम्ही आजवर बाजारात कोणाला सांगितलेली नाही.

२०१० सालची गोष्ट. आमच्याकडे हिशेबाचे एक जुने सॉफ्टवेअर होते, कोणाचे ते सांगण्यात अर्थ नाही. एक्सपीवर वर्षानुवर्षे चालले. त्या वर्षी विंडोज ७ चा संगणक घेतला आणि दोन खाती उघडली, एक आमचे, एक धाकट्या भावाचे. सॉफ्टवेअर आपला सगळा हिशेब "प्रोग्रॅम फाइल्स" या फोल्डरमध्येच ठेवत असे. विंडोजने व्हिस्टापासून त्या फोल्डरवर साध्या कामात कोणी लिहू नये असा बंदोबस्त केला होता. पण मग जुनी सॉफ्टवेअर बंद पडतील, म्हणून एक सोय ठेवली. असे सॉफ्टवेअर लिहू लागले की नकार न देता त्याचे लिखाण गुपचूप त्या त्या माणसाच्या खात्यातल्या "व्हर्च्युअल स्टोअर" नावाच्या कोपऱ्यात वळवायचे. सॉफ्टवेअरला वाटते आपण जागच्या जागी लिहिले. माणसालाही तसेच वाटते. चूक दाखवणारी चौकट येत नाही. पण प्रत्येक खात्याची वही वेगळी होते.

आमच्या घरी एकाच दुकानाच्या दोन वह्या तयार झाल्या आणि आम्हा दोघा भावांना त्याचा पत्ता नव्हता. तो रात्री त्याच्या खात्यातून लिही, आम्ही सकाळी आमच्यातून.

आम्ही चार दिवस नागपूरला लग्नाला गेलो होतो. त्या दरम्यान मुनिमाने एका गिऱ्हाईकाकडून साडेअठरा हजार रोख वसूल करून भावाच्या हातात दिले. भावाने त्यातून सायझिंगवाल्याचे देणे भागवले, दोन्ही नोंदी संगणकात केल्या आणि सुरतेला खरेदीला निघून गेला. आम्ही परतलो, खाते उघडले, जमा नाही आणि नावेही नाही. गिऱ्हाईकाने फोनवर सांगितले, पैसे मुनिमाकडे दिले. भावाचा फोन लागेना, गाडीत असावा. आम्ही पेढीवर चार माणसांसमोर मुनिमाला विचारले, साडेअठरा हजार कुठे आहेत? तो म्हणाला, "सेठ, छोट्या सेठनी माझ्यासमोर कॉम्प्युटरात लिहिले." आम्ही पडदा त्याच्याकडे फिरवला आणि म्हटले, दाखवा.

त्याने बराच वेळ पाहिले. बावीस वर्षे तो आमच्याकडे होता, वडिलांच्या वेळेपासून. काही न बोलता गोदामाची चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. रात्री भावाचा फोन आला. नोंदी केल्या आहेत, पैसे सायझिंगला दिले आहेत. परत आल्यावर त्याने त्याच्या खात्यातून उघडून दाखवले, दोन्ही नोंदी जागेवर होत्या. आमच्या खात्यातून उघडले, नव्हत्या. तरी कारण कळायला पुढे महिना गेला. आम्ही मुनिमाच्या घरी गेलो. त्याने चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि परत येणार नाही म्हणाला. पुन्हा आला नाही.

आज वाटते की त्या दिवशी संगणकाने परवानगी नाही म्हणून तोंडावर नकार दिला असता तर बरे झाले असते. नकाराची चौकट आली की आपण वैतागतो. पण ती निदान खरे सांगते. त्या काळी कोणी आम्हाला इतके जरी सांगितले असते की हिशेबाचा डेटा "प्रोग्रॅम फाइल्स"मध्ये ठेवू नका, डी ड्राइव्हवर वेगळे फोल्डर करा आणि त्यावर दोघांना हक्क द्या, तर काम दहा मिनिटांचे होते.

म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या मुलांच्या एका सवयीविरुद्ध आमची तक्रार आहे. परवानगीची चौकट दिसली की ही मुले यादीत "एव्हरीवन" हे नाव घालतात आणि "फुल कंट्रोल" देऊन मोकळी होतात. म्हणजे सर्वांना सर्व हक्क. गिऱ्हाईक खूश, पाचशे रुपये खिशात. गोदामाचे कुलूप अडकते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे हे आहे. संगणकात शिरलेला एखादा खंडणीखोर व्हायरस ज्या खात्यातून शिरतो त्या खात्याला जेवढे हक्क, तेवढाच हात फिरवतो. सर्वांना सर्व हक्क दिले तर मुलाने खेळ उतरवताना आलेली कीड आपल्या खातेवहीपर्यंत पोचते. मुनिमाला रोज लिहायचे असते, त्याला "मॉडिफाय" पुरते. तेवढ्यात वाचणे, लिहिणे, पुसणे सगळे येते. "फुल कंट्रोल" म्हणजे त्यावर आणखी हक्कांची यादी बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा अधिकार. तो घराच्या मालकाकडेच असावा. आणि "डिनाय" म्हणजे मनाईच्या खाण्यात तर कोणी सहज खूण करूच नये. माणूस दोन गटांत असेल, एका गटाला मुभा आणि दुसऱ्याला मनाई असेल, तर सर्वसाधारणपणे मनाई जिंकते, आणि मग आपल्यालाच का नाकारले ते आठवड्यानेही उमगत नाही.

त्याहून वाईट म्हणजे काहीजण सगळ्या सी ड्राइव्हचीच मालकी घ्यायला निघतात. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा मालक "ट्रस्टेड इन्स्टॉलर" नावाचा असतो आणि तो तसाच राहू द्यावा. "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" या नावाचे एक फोल्डर दिसते, त्यावर टिचकी मारली की नकार मिळतो, आणि लोकांना वाटते काही बिघडले. ते फोल्डर नाहीच, जुन्या सॉफ्टवेअरला नवा पत्ता दाखवणारी नुसती पाटी आहे. तो नकार मुद्दाम ठेवलेला आहे. फोल्डरच्या "प्रॉपर्टीज"मध्ये "रीड ओन्ली"पुढे जो भरलेला चौकोन दिसतो त्याचाही परवानगीशी संबंध नाही. तो पुसत बसण्यात आम्ही एक दुपार घालवली आहे. आणि आपल्याला सगळे हक्क असूनही एखादे सॉफ्टवेअर फाइल साठवू शकत नसेल तर विंडोजच्या सिक्युरिटीत "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" कोणी चालू केले आहे का ते पाहावे. २०१७ पासून ही सोय आहे, खंडणीखोर व्हायरसपासून फोल्डर राखण्यासाठी. तिथे आपल्या सॉफ्टवेअरचे नाव मुभा असलेल्यांत घातले की काम होते.

आता ती पुढे ढकललेली बाब. आम्ही परक्या संगणकावर डिस्क लावून वीस मिनिटांत आमच्या कुलूपबंद फोल्डरचे मालक झालो. आम्हाला आनंद झाला. रात्री झोपताना विचार आला की ती डिस्क दुसऱ्याच्या हाती पडली असती तर तोही वीस मिनिटांतच मालक झाला असता! हे कुलूप पहारेकरी जागेवर असेपर्यंतच चालते. डिस्क बाहेर काढली की पहारेकरी मागे राहतो. पेन ड्राइव्हवर तर बहुधा हा सातबाराच नसतो, ज्याच्या हाती पडेल तो वाचील. खरी गुप्तता हवी तर डिस्क सांकेतिक लिपीत बदलावी लागते. विंडोजमध्ये ते बिटलॉकर करते, आणि त्याची शेवटची चावी ४८ आकडी असते. ती हरवली तर मालकी घेण्याच्या वरच्या कोणत्याही युक्तीचा उपयोग नाही. फाइलीच्या चित्रावर छोटे कुलूप दिसणाऱ्या फाइलींचेही असेच, त्यांची चावी जुन्या खात्यात असते. डिस्क काढण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी लागते.

गंमत अशी की नव्या संगणकांवर हे पुष्कळदा न विचारताच चालू होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू केला की डिस्क सांकेतिक होते आणि ४८ आकडी चावी त्या खात्यात जमा होते. आणि खाते कोणाचे असते? आमच्या नव्या संगणकावर दुकानदाराच्या पोराने घाईत स्वतःचा ईमेल घातला होता. ॲडमिन तो, पासवर्ड त्याचा, आमच्या डिस्कची चावी त्याच्या मेलमध्ये. आम्ही त्यात साधे वापरणारे, भाडेकरू म्हणा. त्याच्या मनात खोट नव्हती. तो रोज पाच संगणक विकतो आणि सगळ्यांवर तोच ईमेल घालतो. पण उद्या त्याने नोकरी सोडली, मेल बंद केला, आणि आमचा संगणक एखाद्या सकाळी ती ४८ आकडी चावी मागू लागला तर आम्ही कोणाच्या दारात जाणार? दुकानासाठी भाड्याने गाळा घेतानाही आपण पावती कोणाच्या नावे ते पाहतो. साठ हजारांचा संगणक घेताना पाहत नाही.

आम्ही भाचीच्या सांगण्यावरून दोन खाती केली. एक ॲडमिनचे, आमच्या नावे, आमच्या ईमेलवर, ते फक्त काही नवे बसवायचे असेल तेव्हा. दुसरे रोजच्या कामाचे साधे. पोराचे खाते काढण्यापूर्वी त्यात काही राहिले नाही ना ते पाहिले, मग काढले. ४८ आकडे आम्ही वहीत उतरवले, उर्दू आकड्यांत, आणि वही दुकानाच्या तिजोरीत ठेवली. भाचीने हे ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाली, "मामू, एक आकडा चुकला तर?" म्हणून प्रिंटही काढली आणि दोन वेळा ताडून पाहिली. ती भावाच्या घरी आहे.

कागद सापडला. "उधारी व वसुली"मध्ये, २०२४ च्या पोटात, तारीख आणि सही स्पष्ट. त्याची प्रत पार्टीला पाठवली. तीन दिवस उत्तर आले नाही, चौथ्या दिवशी दलालाचा फोन आला की सेठ, कोर्टाचे नाव कशाला काढता, चार हप्त्यांत घ्या. पहिला हप्ता जमा झाला आहे. त्याची नोंद भावाने त्याच्या खात्यातून केली आणि आम्ही आमच्या खात्यातून उघडून पाहिली.